कॅरेक्टर शीटवर ‘रोग’ लिहावे की ‘चोर’?

मूळ लेख

आमच्या घरी रविवारी दुपारी चार मुले आणि दोन मोठी माणसे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे घेऊन गोष्ट रंगवण्याचा फाशांचा खेळ खेळायला बसतो. मुले मराठी शाळेत जातात, म्हणून नियम मी मराठीतून सांगतो आणि कॅरेक्टर शीटही (पात्राची माहिती लिहायचा कागद) देवनागरीत छापून देतो. गेल्या महिन्यात नऊ वर्षांच्या भाचीने तिचे शीट घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बहिणीचा फोन आला. कागदावर नाव, उंची, वजन आणि त्याखाली ‘वर्ग : रोग, पातळी : ३’ असे वाचून हा शाळेच्या आरोग्य तपासणीचा कागद असावा, अशी तिची समजूत झाली होती. आम्ही दोघेही पोट धरून हसलो. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की हा शब्द मी कधी तपासलाच नव्हता. फाइटरचा लढवय्या केला, विझार्डचा जादूगार केला आणि याच ठिकाणी मात्र ‘rogue’ (लुच्चा, लबाड) या इंग्रजी शब्दाचा उच्चार जसाच्या तसा उतरवून मोकळा झालो.

मुळात या वर्गाचे, म्हणजे पात्राच्या पेशाचे, नाव काय होते, हे पाहायला गेलो आणि गुंतत गेलो. १९७४ साली हा खेळ तीन पुस्तिकांच्या पेटीतून बाजारात आला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि क्लेरिक (पुरोहित) असे तीनच वर्ग होते. चोराची कल्पना कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथील एका खेळांच्या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंकडून या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांच्याकडे आली. त्यांनी ती त्याच वर्षी एका वार्तापत्रात छापली आणि १९७५च्या ग्रेहॉक या पुरवणीत चोर हा चौथा वर्ग रीतसर दाखल झाला. त्याचे इंग्रजी नाव सरळ ‘थीफ’ होते आणि त्याची कामेही नावाला साजेशी होती : कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, खिसा कापणे, दाराला कान लावणे, सावलीत दडणे आणि पाठीमागून वार करणे.

१९७८च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात प्रत्येक पातळीला एकेक पदवी होती. चोराच्या पदव्या वाटमारे, खिसेकापू, घरफोडे अशा पायऱ्या चढत शेवटी ‘मास्टर थीफ’पर्यंत पोचत. त्या यादीत अगदी तळाला, पहिल्या पातळीच्या उमेदवाराला काय म्हटले होते? ‘रोग’. म्हणजे तेव्हा ‘रोग’ हा होऊ घातलेला चोर होता, अजून पुरता चोर न झालेला. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच शब्द वर चढला आणि चोर व भाट या दोन वर्गांच्या गटाचे नाव झाला. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने चोराचे नाव पुसून त्याच्या जागी रोग आणला. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तर ‘थीफ’ हा रोग वर्गाच्या पोटातला एक प्रकार होऊन बसला, मारेकरी आणि जादूची हातचलाखी करणारा ट्रिकस्टर यांच्या शेजारी. छत्तीस वर्षांपूर्वी ज्याच्या घरात उमेदवारी केली, त्यालाच या शब्दाने शेवटी आपल्या घरात एक खोली दिली.

माझ्या मते हा बदल शोभेपुरता नव्हता. ‘चोर’ म्हटले की माणसाने काय केले ते कळते, आणि ‘रोग’ म्हटले की तो कसा आहे ते कळते. पहिला शब्द गुन्हा सांगतो, तर दुसरा स्वभाव सांगतो. नव्या नियमांत हे पात्र सगळ्यात जास्त कौशल्ये जाणणारे असते. ते राजाचे हेर असू शकते, पुरातन वास्तूंचे अभ्यासक असू शकते किंवा पश्चात्ताप झालेला सावकारही असू शकते. त्याने आयुष्यात एकही वस्तू चोरली नसली तरी चालते, आणि अशा पात्राला चोर म्हणणे अवघड जाते. आता प्रश्न मराठीचा आहे. गुन्ह्याला शब्द हवेत तर आपल्याकडे पोतेभर आहेत. स्वभावाला कोणता घ्यावा? (याच शीटवर ‘रेस’च्या रकान्यात मी आधी ‘जात’ लिहिले होते. ‘जात : एल्फ’ हे छापून हातात आल्यावर मीच तो कागद फाडला. २०२४च्या नियमपुस्तकाने ‘रेस’ काढून ‘स्पीशीज’ आणले, तेव्हा ‘प्रजाती’ लिहायला मोकळा झालो.)

प्रतिसाद १

आपले विवेचन आवडले, पण निष्कर्ष पटला नाही. मी जुन्या नियमांनी खेळणारा माणूस आहे आणि माझ्या मते ‘चोर’ हेच नाव योग्य आहे, कारण ते खेळाडूला टेबलावर बसल्या बसल्या काय करायचे ते सांगते. लढवय्या लढतो, जादूगार जादू करतो, चोर चोरी करतो. हा खेळ मुळात होताच खजिन्याचा. तेव्हाच्या नियमांत अनुभवाचे बहुतेक गुण राक्षस मारून नव्हे, तर सोने बाहेर आणून मिळत. म्हणजे पार्टीतले (एकत्र निघालेल्या पात्रांच्या टोळीतले) सगळेच दुसऱ्याच्या तळघरातून माल उचलत होते आणि ते कबूल करण्याचा प्रामाणिकपणा एकट्या चोराकडे होता.

एक तक्रार मात्र मी स्वतःच नोंदवतो. चोर येण्याआधी दबक्या पावलांनी जाणे, दाराशी कान देणे किंवा दडून बसणे कोणीही करू शकत असे, खेळाडूने फक्त कसे करतो ते सांगायचे. चोराच्या हाती टक्केवारीचा तक्ता आला आणि इतरांनी ते प्रयत्न सोडून दिले. बरे, तो तक्ता तरी कसा? १९७८च्या नियमांत पहिल्या पातळीच्या चोराला भिंत चढण्याची शक्यता ८५ टक्के, कुलूप उघडण्याची २५ टक्के आणि सावलीत दडण्याची अवघी १० टक्के होती. म्हणजे हा गडी भिंतीवर माकडासारखा सरसर चढे आणि वर पोचल्यावर दहांपैकी नऊ वेळा सगळ्यांना दिसे. आमच्या एका डावात असाच एक चोर लागोपाठ तीन रविवार पकडला गेला. शेवटी पार्टीने त्याला कंदील धरण्याचे काम दिले.

प्रतिसाद २

‘रोग’ हा शब्द स्वभाव सांगतो, असे मूळ लेखात म्हटले आहे. आजच्या इंग्रजीपुरते ते खरे मानू, पण या शब्दाचा पूर्वेतिहास इतका सोज्वळ नाही. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो भटक्या भिकाऱ्यांसाठी वापरला जाई आणि लवकरच कायद्यात शिरला. १५९७च्या कायद्याचे नावच रोग, भटके आणि धडधाकट भिकारी यांच्या शिक्षेविषयीचा कायदा असे होते. त्याआधीच्या १५७२च्या कायद्याने कोणाकोणाला या मोटेत बांधले ते पाहण्यासारखे आहे. त्यात अस्वलवाले होते, हातचलाखी करणारे होते, फेरीवाले होते आणि कोणा उमरावाचा आश्रय नसलेले नट व गाणारे-वाजवणारेही होते. दुसऱ्या आवृत्तीने चोर आणि भाट यांना ‘रोग’ या एका नावाखाली आणले, तेव्हा अनेकांना ती जोडी विचित्र वाटली होती. एलिझाबेथच्या काळातील न्यायाधीशाला ती मुळीच विचित्र वाटली नसती.

आणखी गंमत म्हणजे १८२४च्या इंग्लिश भटकेगिरी कायद्यात गुन्हेगारांच्या तीन चढत्या पायऱ्या आहेत. आधी आळशी आणि बेशिस्त माणूस, मग ‘रोग आणि भटका’, आणि त्यानंतर न सुधारणारा ‘रोग’. हा तर पातळ्यांच्या पदव्यांचा सरकारी तक्ताच झाला.

शिवाय १९७५ मध्येच टनेल्स अँड ट्रोल्स या खेळाने ‘रोग’ हे नाव घेतले होते, तेही चोरासाठी नव्हे. तिथला रोग थोडा लढतो, थोडी जादू करतो आणि कोणत्याही गुरूकडे रीतसर शिकलेला नसतो. म्हणजे भुरटेपणापेक्षा बेवारशीपणा हा त्या शब्दाचा गाभा धरला होता. मूळ भटक्याच्या अर्थाला तोच अधिक जवळचा आहे.

प्रतिसाद ३

एवढी चर्चा कशासाठी, ते समजले नाही. मराठीत नेमके शब्द तयार आहेत. ‘भामटा’ घ्यावा. नाहीतर ‘उचल्या’, आणि थोडा दांडगट हवा असेल तर ‘बेरड’. तिन्ही ठसठशीत आहेत आणि मुलांच्या तोंडी पटकन बसतील.

प्रतिसाद ४

वरील सूचना मोकळ्या मनाने केली आहे, याविषयी शंका नाही. तरीही या तिन्ही शब्दांना माझी हरकत आहे. भामटा, उचल्या आणि बेरड ही माणसांच्या समाजांची नावे आहेत. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत, त्यांत बेरड आहेत, भामटा आहेत, रामोशी आणि कैकाडी आहेत. ‘विमुक्त’ म्हणजे कशातून मुक्त, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानुसार एखाद्या जमातीवर शिक्का मारला की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काहीही केलेले नसले तरी त्याची नोंद होई, त्याला हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचे तर परवानगी काढावी लागे. १९११ मध्ये कायद्याची व्याप्ती वाढली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी या लोकांना तारेच्या कुंपणाआड वसवले गेले. सोलापुरात त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे नाव ‘उचल्या’ आहे, त्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो शब्द त्यांनी शीर्षकात घेतला, कारण तो त्यांच्या माणसांवर लादला गेला होता. तो आपण फाशांच्या खेळासाठी उसना घेणे मला रुचत नाही.

‘ठग’ या शब्दाचीही तीच कथा आहे. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढ्यावरच जन्मठेप ठेवली. विशिष्ट चोरी किंवा खून शाबीत करण्याची गरजच उरली नाही.

मूळ लेखकाने गुन्हा आणि स्वभाव असे दोन भाग केले आहेत. त्यांत तिसरा भाग घालावा लागेल, तो म्हणजे जन्म. इंग्रजीत या वर्गाचे नाव गुन्ह्याकडून स्वभावाकडे सरकले. आपल्याकडे चोरासाठीच्या शब्दांपैकी बरेच शब्द जन्माला चिकटवलेले आहेत आणि नेमके तेच कानाला सगळ्यात रसरशीत लागतात. ‘कॅरेक्टर क्लास’ म्हणजे खेळाडूने स्वतः निवडलेला पेशा. ज्यांना तो निवडण्याची सोयच नव्हती, त्यांचे नाव त्या रकान्यात बसवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद ३ देणाऱ्याचे उत्तर

‘बेरड’ हे समाजाचे नाव आहे हे ऐकून माहीत होते, पण ‘भामटा’विषयी खरोखर माहिती नव्हती. मी तो शब्द लहानपणापासून रोज वापरत आलो आहे. सूचना मागे घेतो.

प्रतिसाद ५

नाव आपल्याच परंपरेतून हवे असेल तर शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक विसरता येणार नाही. देवलांच्या संगीत नाटकामुळे तो मराठी प्रेक्षकांनाही परिचित आहे. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, तो प्रसंग कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा सरस आहे. आधी तो भिंतीवरून हात फिरवून पाणी मुरून ठिसूळ झालेली जागा शोधतो. मग शास्त्र आठवतो : भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीच्या भिंतीवर पाणी शिंपडावे आणि लाकूड असेल तर फाडावे. भोकाचा आकार कोणता असावा यावरही तो विचार करतो. उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक असे पर्याय मनात घोळवून तो पूर्णकुंभ निवडतो, कारण पक्क्या विटांच्या भिंतीत तोच शोभून दिसतो आणि सकाळी शेजाऱ्यांनी पाहिल्यावर कारागिरीला नावे ठेवायला जागा राहू नये, अशी त्याची इच्छा आहे.

मापाची दोरी घरी राहिली, हे ऐनवेळी त्याच्या लक्षात येते. तेव्हा हा ब्राह्मण गळ्यातले जानवे काढून त्याने माप घेतो आणि वर जानव्याचे उपयोगही मोजतो : भिंत मोजता येते, दागिन्यांचे फासे सोडवता येतात, दाराची कडी उघडता येते आणि साप चावला तर बोट बांधता येते. लगेच त्याला खरोखरच साप चावतो आणि तो जानव्याने बोट बांधतो. अंगाला लावल्यावर कोणाला दिसू नये असे अंजनही त्याच्याजवळ आहे. पाचव्या आवृत्तीत कौशल्य, अवजारे आणि थोडी जादू हे तीन पदर एकत्र आणून जो ट्रिकस्टर घडवला आहे, तो इथे केव्हाचाच चालता-बोलता उभा आहे.

प्रतिसाद ४ मधील मुद्द्यालाही तो उपयोगी पडतो. शर्विलक चोर आहे तो त्या रात्रीपुरता आणि एका कारणासाठी. आपली प्रेयसी मदनिका हिला दास्यातून सोडवायला त्याला पैसा हवा आहे. पुढे तोच आर्यकाच्या बंडात सामील होऊन नाटकाच्या अखेरीस राज्य उलथवतो. त्याला जन्माने कोणीही चोर म्हणत नाही, आणि कदाचित त्याच्या जन्मामुळेच म्हणत नाही. हा काटा मी जाणूनबुजून तसाच ठेवतो.

प्रतिसाद ६

संगणकावरच्या खेळांचा अनुभव जोडतो. नाव आणि काम यांची फारकत तिथे सगळ्यात लवकर झाली. १९९६च्या डायब्लोमधली रोग ही धनुष्यबाण चालवणारी स्त्री आहे आणि ती काहीही चोरत नाही. दुसरीकडे १९९८च्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ने जुने नाव अभिमानाने पाटीवर लावले आणि अंधारात उभे राहून पहारेकऱ्याची पावले मोजणे हाच पूर्ण खेळ केला. गिल्ड वॉर्स २ नेही २०१२ मध्ये ‘थीफ’ हेच नाव ठेवले, कारण तिथे शत्रूकडून काहीतरी हिसकावणे ही त्या वर्गाची मुख्य खुबी आहे. म्हणजे चोरी खरोखर घडत असेल तिथे जुना शब्द टिकला, ती गळून पडली तिथे रोग आला.

लेखक टॉल्किनच्या कल्पित मध्यभूमीवरील ऑनलाइन खेळात या वर्गाला ‘बर्गलर’ म्हणतात, आणि ते रास्तच आहे. १९३७च्या ‘द हॉबिट’ या त्याच्या कादंबरीत नायक बिल्बोला घरफोड्या म्हणूनच कामावर घेतले जाते. तो शब्द त्याला झोंबतो, तेव्हा एक बुटका त्याला समजावतो की हवे तर तज्ज्ञ खजिनाशोधक म्हणा, काही जणांना तेच बरे वाटते. आपण या धाग्यावर जे करतो आहोत, ते त्या बुटक्याने एका वाक्यात उरकले होते.

आणखी एक उदाहरण टेबलावरच्या खेळाचे. ब्लेड्स इन द डार्कमध्ये सगळी पार्टीच गुन्हेगारांची टोळी असते. तिथे ‘चोर’ नावाचा वर्ग नाही, कारण सगळेच चोर असल्यावर त्या नावाने कोणाला ओळखणार? म्हणून लपणारा, गोड बोलून गंडवणारा, जाळे विणणारा कोळी असे वर्ग केले आहेत. मराठी नाव शोधताना हाच मार्ग धरावा असे वाटते. माणूस कोण आहे यापेक्षा तो काय कसब दाखवतो, ते पाहावे.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे उत्तर

कसबावरून नाव द्यायचे असेल तर मीही मान्य करतो. मात्र ‘चतुर’ किंवा ‘कुशल’ असले गुळमुळीत शब्द नकोत. नावात थोडी मिरची हवी, नाहीतर तो वर्ग कोणी घेणार नाही. ‘बिलंदर’ कसा वाटतो? आजी नातवाला कौतुकाने बिलंदर म्हणते आणि फौजदारही आरोपीला बिलंदर म्हणतो. शिवी आणि शाबासकी यांच्या मधोमध बसलेला असा दुसरा शब्द मला सुचत नाही. ‘इरसाल’ जवळ येतो, पण तो जास्त जिभेचा आहे. ‘बिलंदर’ला हातही आहेत.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. प्रतिसाद २ आणि ४ वाचून माझी मूळ मांडणी अपुरी होती, हे मान्य करतो. ‘रोग’ला मी निव्वळ स्वभावाचा शब्द समजत होतो, पण तोही मुळात फटके मारण्यासाठी बनवलेल्या यादीतून आलेला निघाला. इंग्रजीत त्याचे व्रण चारशे वर्षांत पुसले गेले. आपल्याकडच्या शब्दांना ती सवलत अजून मिळालेली नाही, कारण ज्यांच्यावर ते शब्द मारले गेले ती माणसे आपल्या शेजारी राहतात आणि आजही चौकीवर पहिली बोलावली जातात.

‘बिलंदर’ मला पटला आणि कालच्या रविवारी मुलांसमोर ठेवला. भाचीला तो लगेच आवडला. पोटप्रकारांपैकी ‘थीफ’साठी ‘घरफोड्या’ आणि ‘असॅसिन’साठी ‘मारेकरी’ ठरले. ट्रिकस्टरला मी ‘शर्विलक’ सुचवले, तेव्हा जानव्याची गोष्ट सांगावी लागली. ती सांगून होईपर्यंत खेळाचा अर्धा तास गेला, पण लढवय्या खेळणाऱ्या मुलाने ताबडतोब आपल्या सामानाच्या यादीत ‘दोरी, ५० फूट’ याच्यापुढे ‘मोजायची’ असे लिहून टाकले.

पातळ्यांच्या पदव्यांची जुनी पद्धतही परत आणायची असे मुलांनीच ठरवले आहे. पहिली पदवी ‘उमेदवार’ आणि शेवटची ‘वस्ताद’ एवढेच नक्की झाले आहे, मधल्या आठ रिकाम्या आहेत. प्रतिसाद ४ मधील चाळणीतून जाणारे शब्द कोणाला सुचले तर इथेच लिहावेत. नवे शीट बहिणीने वाचले. ‘वर्ग : बिलंदर, पातळी : ३’ याच्यापुढे तिने पेन्सिलीने ‘घरी : पातळी १०’ असे लिहून पाठवले आहे.